शंभर शब्दांचं शहर

निरोप आला तेव्हा कवळीवाले एका कवळीचे पुढचे दात मेणात बसवत होते. फळीवरचा बायकोचा फोन थरथरला. ती जाऊन अठरा दिवस झाले होते, तरी ते तिचा फोन रोज चार्ज करत. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

पडद्यावर एकच ओळ होती. ‘तारवाली, आता तुझी खेळी. गच्चीवर वाट बघतोय.’ खाली नाव होतं, मिस्त्री.

बायको फोनवर कसलासा खेळ खेळते, एवढंच त्यांना माहीत होतं. आता कळलं, की अनोळखी माणसांनी मिळून एक गोष्ट रचायची असते. एकानं चार ओळी लिहायच्या, दुसऱ्यानं ती पुढे न्यायची. गोष्टीतलं शहर भयाण होतं. कंपनीनं प्रत्येकाच्या कानामागे चिप बसवली होती आणि माणशी दिवसाला शंभर शब्द बोलायची मुभा होती. त्यावर एक शब्द गेला की गळा बंद, तो थेट दुसऱ्या सकाळपर्यंत. बायकोची तारवाली गटारांतून चोरट्या तारा ओढून लोकांना बोलतं करायची. मिस्त्री जायबंदी गळे दुरुस्त करायचा.

कवळी तशीच ठेवून ते मागचं मागचं वाचत गेले. नऊ वर्षांचं लिखाण होतं. सुरुवातीला पाच-सहा जण होते, पुढे हे दोघंच.

एका ठिकाणी मिस्त्रीनं लिहिलं होतं, ‘डावा गुडघा कसा आहे? जिना चढू नकोस, मीच खाली येतो.’

कवळीवाल्यांना ते वाक्य पुन्हा वाचावं लागलं. बायकोचा डावा गुडघा दुखतो हे त्यांना दवाखान्यात कळलं होतं, तेही डॉक्टरांकडून. या माणसाला ते सहा वर्षं आधीच ठाऊक होतं. आणि ही सगळी वर्षं ती त्यांच्यापासून चार हातांवर, खिडकीजवळच्या खुर्चीत बसून लिहीत होती. ते इकडे मशीनवर दात घासत होते. लोकांचे.

कोण हा माणूस? थेट विचारलं असतं तर तो पळाला असता. मग त्यांनी तिच्या नावानंच दोन बोटांनी लिहिलं, ‘आले. जिन्यात अंधार होता.’

उत्तर संध्याकाळी आलं. ‘ये. बस.’

सुरुवातीला ते जाळं टाकून बसल्यासारखे लिहीत. ‘तू खरा कुठे राहतोस?’ असं एकदा विचारून पाहिलं. ‘तू राहतेस त्याच शहरात,’ असं उत्तर आलं. गडी काही हाती लागेना. पण हळूहळू त्यांनाच त्या शहराची सवय झाली. उभ्या जन्मात दोन पानी पत्र न लिहिलेला माणूस लुकलुकत्या पाट्या, डोक्यावर घोंघावणारे ड्रोन आणि गटारातल्या तारा यांत रमायला लागला. एका दिवशी त्यांनी लिहिलं, ‘आज कोणी भेटलंच नाही. माझे शंभरच्या शंभर शब्द शिल्लक आहेत.’

‘मग त्यातले थोडे मला दे,’ मिस्त्रीनं लिहिलं.

कवळीवाल्यांनी चष्मा काढून पुसला.

मुलगी नोकरीनिमित्त चार तासांवरच्या गावी राहायची. दर रविवारी तिचा फोन यायचा.

“जेवलात, बाबा?”

“हो.”

“बरे आहात ना?”

“ठीक आहे.”

एवढं झालं की फोन बंद.

अशी दोन वर्षं गेली. खोटेपणा त्यांना सलायला लागला. एका सकाळी त्यांनी मन घट्ट करून लिहिलं, ‘मी तारवाली नाही, तिचा नवरा आहे. ती दोन वर्षांपूर्वी गेली. तुम्हाला फसवलं, माफ करा. एकदा भेटायचं आहे.’

तीन दिवस काहीच आलं नाही. चौथ्या दिवशी मिस्त्रीनं लिहिलं, ‘शनिवारी सकाळी अकरा. तुमच्या बस स्थानकासमोरचं उपाहारगृह. टेबलावर पेचकस ठेवीन.’

त्यांनी दाढी केली, शर्टाला इस्त्री केली. राग केव्हाच निवळला होता. तिच्याबद्दल ज्याच्याशी बोलावं असा तोच एक माणूस उरला होता. ती हसायची का, एवढं त्याला विचारायचं त्यांनी ठरवलं होतं.

अकराला पाच मिनिटं असताना दारातून त्यांची मुलगी आत आली. कवळीवाले गडबडले.

“तू? कळवलं नाहीस येणार म्हणून.”

“अचानक ठरलं.” ती समोर बसली. “तुम्ही इथे कसे?”

“एक जण यायचा आहे. कामाचा माणूस. तू घरी जा, किल्ली देतो.”

मुलीनं पर्स उघडली. आतून पिवळ्या मुठीचा पेचकस काढला आणि त्यांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवला.

त्यांनी कप बाजूला सरकवला.

“तू लिहीत होतीस?”

“आई गेल्यापासून. मला फक्त एक शेवटची ओळ लिहून खेळ संपवायचा होता. तुम्ही उत्तर दिलंत.” तिनं खाली बघितलं. “फोनवर तुम्ही इतकं कधी बोलला नव्हतात. मग मला थांबवेना.”

कवळीवाल्यांनी पेचकस उचलला, खाली ठेवला. मग खुर्ची पुढे ओढली.

“बरं झालं. पण त्याआधी जो लिहायचा, तो खरा मिस्त्री, त्याचा पत्ता असेल तुझ्याकडे. मला भांडायचं नाही त्याच्याशी. नुसतं भेटायचं आहे.”

मुलीनं त्यांच्या हातावर हात ठेवला.

“बाबा, पहिल्या वर्षातच बाकीचे सगळे सोडून गेले होते. मी नेला तो तिचा जुना फोन आठवतो? त्यावरून मिस्त्रीचंही आईच लिहायची.”