सरासरी सुधारली

सकाळपासून नूतन त्याच खुर्चीवर होती. पोंभुर्ण्यात सरफराजच्या कॉम्प्युटर सेंटरात वेबसाइट उघडायला लावून माणूस घरी जाई, जेवी, बायकोशी भांडे, समेट करी आणि परत येई, तेव्हा पडद्यावर मंत्र्याच्या फोटोचं नुसतं कपाळ उतरलेलं असे. खोटं वाटत असेल त्यानं त्या साली तिथं येऊन बसायचं होतं.

नर्सिंगचे अर्ज पहिल्यांदाच वेबसाइटवर घेत होते. पाच वाजता मुदत संपणार होती. पुढल्या वर्षी नूतन वयात बसत नव्हती.

“काऊन जाऊन नाई राह्यला अर्ज, बाबू?” तिच्या बापानं, हरिदासनं विचारलं.

बाबू म्हणजे सैफ, सरफराजचा भाचा. वेबसाइट बनवणाऱ्या नागपूरच्या कंपनीत तपासणीच्या कामावर. मुदत सुरू व्हायच्या आधी त्यानं मशीनमधून हजार खोटे अर्जदार उभे केले आणि एकदम वेबसाइटवर सोडले. सगळ्यांना दोन सेकंदांत उत्तर मिळालं. मिळणारच. ते हजारही नागपुरातच, सर्व्हरच्या मांडीला मांडी लावून बसलेले. त्यांच्या वाट्याला ना पोंभुर्ण्याची फोनलाइन, ना शेवटच्या दिवसाची गर्दी. आता गावोगावच्या तक्रारी आल्या, तेव्हा साहेबांनी त्याला मामाच्या गावी बघायला धाडलं होतं.

चारच्या सुमारास पडदा एकदम हलला. नूतननं अर्ज पाठवला, लगेच उत्तर. पुन्हा पाठवला, लगेच उत्तर.

“देख भांजे!” सरफराज उठून उभाच राहिला. “तुझी साइट तं बिबट्यावानी पळून राह्यली!”

सैफनं वाकून पाहिलं. पडद्यावर एकच ओळ होती : ‘गर्दी आहे. नंतर प्रयत्न करा.’

त्यानं घाईघाईनं साहेबांना मोबाइल लावला.

“सर, मुदत वाढवायला सांगा.”

“अरे, कशाला?” साहेब खुशीत होते. “आकडे बघतोय मी. उत्तराच्या वेळेची सरासरी एका सेकंदाच्या आत आली. वर कळवलंसुद्धा, मुदतवाढीची गरज नाही म्हणून.”

“सर, ती नकाराची उत्तरं आहेत. सर्व्हर अर्ज बघतच नाहीये, दारातूनच परत पाठवतोय. हाकलायला वेळ लागत नाही, म्हणून सरासरी खाली आली.”

साहेबांनी आवाज खाली आणला.

“कळवून झालंय, सैफ.”

फोन ठेवला गेला.

“का म्हन्ते साहेब?” हरिदासनं विचारलं.

“म्हणतात… साइट बरोबर चालू आहे, काका.”

हरिदासच्या तोंडावर सकाळपासून पहिल्यांदा जीव आला. “आयकलं का, नूतन? चालू हाय म्हन्ते. मंग थांबू नोको, बाई. दाब.”

सरफराजनं पंख्याचं तोंड मुलीकडे वळवलं.

नूतन दाबत राहिली. पाच वाजेपर्यंत वेबसाइटनं तिला एकदाही ताटकळत ठेवलं नाही.