दार धरलंय

अंगठ्यावरची शाई काही केल्या निघेना. मावशीनं साबण लावला, नखानं खरवडलं, सिमेंटच्या कट्ट्यावर घासून पाहिलं. ती आपली तशीच, निळीशार. आणि आजच मेली टेबलावर पांढऱ्या शर्टांची थप्पी! काज-बटणाच्या टेबलावर वीस वर्षं काढली, एका पीसला कधी डाग लागू दिला नाही, आणि आता या अंगठ्यापायी नाचक्की व्हायची.

त्यात साखरेचं दुखणं. वाहता नळ ऐकला की मावशीला दम निघत नाही. मागं कुणाची तरी पावलं वाजली, तशी ती मधल्या संडासात शिरली आणि सवयीनं ओरडली, "धर गं!"

बायकांच्या तिन्ही संडासांच्या कड्या कधीच्या तुटल्या होत्या. अर्ज करून करून शिलाईखातं थकलं. म्हणून एक आत गेली की दुसरीनं बाहेरून दाराला पाठ लावायची. नुसती पाठ लावून भागत नाही, बोलत राहायचं. बोलणं थांबलं की आतलीला वाटतं, गेली ही बया मला सोडून.

"धरलंय, मावशी," बाहेरून घोगरा आवाज आला.

नेमकी हीच! बॉबीन! उंच, काटकुळी, सगळ्या लाइनच्या मशीनच्या रिकाम्या बॉबिना दोऱ्यानं भरून द्यायची म्हणून हे नाव. दाखल्यावर मुलगा असेल नसेल, इथं कामाला लागली ती बाई म्हणूनच. तरी पहिल्या महिन्यात तिला पुरुषांच्या संडासात पाठवत होते. एकदा तिकडून आली तेव्हा कुर्त्याची चारही बटणं तुटलेली होती. ती मावशीनंच लावून दिली, काही न विचारता. तेव्हापासून बॉबीन इकडे येते.

"चौदा नंबरच्या मशीननं आज जीव खाल्ला माझा," बॉबीन बाहेर सांगत होती. "सुई बदलली, तेल घातलं, तरी टाका सोडतेय. मी म्हटलं, बाई गं, घरी भांडून आलीस का?"

एरवी मावशी खो खो हसली असती. आज ती तशीच बाहेर आली आणि नळाखाली हात धरला.

"अगंबाई, शाई? पाण्यानं नाही निघायची." बॉबीननं खिशातून कापडावर मार्किंग करायचा खडू काढून दिला. "हा घासा कोरडाच. कसला अंगठा दिलात एवढा?"

"असंच. ऑफिसचा कागद."

बॉबीन जागची हलली नाही. सगळ्या बायका निघून गेल्याशिवाय ती आत जायची नाही, हे मावशीला माहीत होतं. सकाळपासून ती घोटभर पाणी पीत नाही, हेही माहीत होतं.

"जायचंय ना तुला?"

"तुम्ही व्हा पुढं. जाईन मी मग."

"मग कोण दार धरणार तुझं?"

"माझं?" बॉबीन हसली. "ओढणीचं एक टोक कडीच्या खिळ्याला, दुसरं माझ्या दातात. जमतं हो."

मावशीला निघून जावं असं वाटत होतं, पाय उचलेना.

"जा आत. मी आहे."

बॉबीननं तिच्याकडं पाहिलं, आणि ती आत गेली. मावशीनं दाराला पाठ लावली. आता बोलायला हवं. जन्मभर जिच्या तोंडाला कुलूप लागलं नाही, तिला आज एक शब्द सुचेना.

"मावशी, आहात ना?"

"आहे गं." मावशी अंगठ्यावर खडू घासत राहिली. "बॉबीन, सकाळी सुपरवायझरबाईंनी कागद आणला होता. उद्यापासून तू इथं बायकांच्या संडासात यायचं नाहीस, असा. पहिला अंगठा माझा आहे. माझ्या सुनेला लाइनवर घेते म्हणाल्या. 'मावशी, तुम्ही दिलात की बाकीच्या देतील,' म्हणाल्या. दिला मी."

मावशीला आपली लाज वाटली, इतकी की या दारासकट जमिनीत गडप व्हावं.

आतून हळूच आलं, "दार धरलंय ना, मावशी?"

"धरलंय गं बाई."

तेवढ्यात जेवणाच्या सुट्टीची घंटा झाली. बायकांचा घोळका बोळातून आला, आणि पुढं सुपरवायझरबाई, हातात तोच कागद. खाली निळ्या अंगठ्यांची रांग.

"मावशी, आत कोण आहे?"

बाईंनी घोळक्यावरून नजर फिरवली, मग रिकाम्या बॉबिनांची टोपली नळाशी ठेवलेली त्यांना दिसली.

"तो आत आहे?" त्यांचा आवाज चढला. "सरका तुम्ही. आत्ताच सोक्षमोक्ष लावते."

मावशीच्या मनात सून येऊन गेली. टाचा फरशीवर घट्ट रोवल्या गेल्या.

"मावशी, अंगठा तुम्हीच दिलाय ना?"

"दिलाय. उद्यापासूनचा. आज मी दार धरलंय."

मागं, लाकडाच्या पलीकडं, कुणीतरी श्वास रोखून धरला होता. मावशीनं खडूनं पांढरा झालेला अंगठा मुठीत घेतला आणि आत ऐकू जावं म्हणून मोठ्यांदा बोलायला लागली, "तर काय म्हणत होतीस, चौदा नंबर टाका सोडतेय? अगं, सुईचं नाही ते. दोरा ताणलेला असेल. जरा सैल सोडून बघ..."