राहिलेला उत्तररंग

पिराजीरावांनी पिशवीतून जुना लोअर आर्म काढून पारसच्या स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर ठेवला. चाकाला गाडीशी धरून ठेवणारी ती हातभर लोखंडी दांडी. टोकाचं रबर फाटून लोंबत होतं. गाडी समोरच्या गॅरेजात जॅकवर उभी होती, पुढचं डावं चाक काढलेलं.

"नमुना आणलासा, ब्येस केलं, पावणं," पारस म्हणाला. ओम्नी कुठल्या सालची ते त्यानं विचारलं आणि ऐकून हसला. एवढ्या वयाची पोरगी असती तर लगीन लावून दिलं असतं, म्हणाला. पिराजीराव म्हणाले, गाडी घरची हाय, इकायची न्हाय.

त्यांच्या पत्नी अक्काताई शेजारच्या स्टुलावर बसल्या होत्या. मांडीवर पिशवी, पिशवीत शाल आणि भाकरी. दुकानातून त्या तशाच स्टँडवर जाणार होत्या, मुरगूडच्या एसटीला. तिथं देवळात संध्याकाळपासून कीर्तन होतं. अक्काताईंना कीर्तनाचं वेड. पण दरसाली तेच व्हायचं. बुवांचा पूर्वरंग, म्हणजे उपदेश, त्या मनापासून ऐकायच्या, आणि उत्तररंगात गोष्ट कुठं रंगात आली की शेवटच्या एसटीसाठी उठायच्या. अर्ध्या गोष्टी घेऊन घरी यायच्या. त्यांच्याकडं कित्येक राजे अजून वनातच होते.

म्हणून तर गेल्या साली त्या गाडी शिकल्या. लायसन निघालं, आणि पहिल्याच आठवड्यात गाडी गल्लीतल्या कट्ट्याला घासली. डावीकडून. मग परत एकदा, डावीकडूनच. पिराजीराव म्हणाले, गाडीत खोट न्हाय, मी चालवतो तवा सरळ जाते, तुझा हातच डावीकडं ओढतोय. चार माणसांत म्हणाले. अक्काताईंनी किल्ली खुंटीला लावली ती परत काढली नाही.

आता त्यांनी काउंटरवरची दांडी ओढून घेतली. फाटक्या रबरात बोट घालून पाहिलं.

"हे असं झाल्यावर गाडी कुठं ओढती, दादा?"

पिराजीरावांनी मध्येच भाव विचारला. पारसनं तो सांगितला आणि परत अक्काताईंकडं वळला.

"डावीकडं. दुसरीकडं कुठं जाईल, मावशी? चालवणारा दिवसभर उजवीकडं दाबून धरतोय आन् रातच्याला खांदा चोळत बसतोय."

अक्काताईंनी नवऱ्याकडं पाहिलं. पिराजीरावांचा हात उजव्या खांद्यावर होता. तो त्यांनी हळूच खाली घेतला. सदऱ्याला बामाचा वास येत होता. वर्षभर येत होता, आणि वर्षभर उशीला बोल लागत होता. दोनदा नवी उशी आणून झाली होती.

"कधीपासनं फाटलं असंल?"

"वरीस-दीड वरीस तरी झालं की."

अक्काताईंनी एवढंच ऐकून घेतलं. दांडी जागेवर ठेवली, पदराला बोट पुसलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. एसटीला वेळ होता.

पारस एका बाजूचा माल काढायला आत निघाला. पिराजीरावांनी त्याला थांबवलं.

"दोन्ही बाजूचं द्या," ते म्हणाले. मग जरा थांबून, "आन् स्टेअरिंगच्या दांडीचं बी बघा. एकदाच काय ते सरळ होऊ दे."

गॅरेजवाल्या आदर्शनं दुपारपर्यंत सगळं बसवलं, अलाइनमेंट केली. हात पुसत सांगितलं, सरळ रस्त्याला स्टेअरिंग क्षणभर सोडून बघा. गाडी नाकासमोर गेली तर काम पास. किल्ली त्यानं पिराजीरावांच्या हातात दिली.

पिराजीरावांनी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं. सीट पदरानं पुसावी तशी हातानं पुसली. मग दार उघडंच ठेवून गाडीला वळसा घातला आणि डाव्या सीटवर जाऊन बसले. किल्ली डॅशबोर्डवर ठेवली.

अक्काताई पिशवी घेऊन उभ्याच होत्या. मला स्टँडवर सोडा, म्हणाल्या.

"स्टँड कशाला? तू चालव की," पिराजीराव समोर बघत म्हणाले.

तुम्हाला मांडी घालून बसवत न्हाय, आन् कीर्तन रातपतोर चालतंय, अक्काताई म्हणाल्या. पिराजीराव म्हणाले, भिंतीला टेकून बसंन.

कळंबा मागं पडेपर्यंत अक्काताईंचे हात स्टेअरिंगवर घट्ट होते, ओठही घट्ट. मग हळूहळू गुणगुणणं सुरू झालं. बिद्रीच्या अलीकडं रस्ता सरळ लागला. दोन्ही बाजूला ऊस, पुढं मागं कोणी नाही. अक्काताईंनी वेग कमी केला, दोन्ही हात उचलले आणि चालीवर एक टाळी वाजवली. मग दुसरी.

ओम्नी नाकासमोर चालली होती.

पिराजीरावांनी दारावरचा दांडा धरला होता. "हात ठेव, अक्का," ते म्हणाले. "ह्या साली गोष्ट पुरी ऐकायची हाय मला."

अक्काताईंनी हसून हात स्टेअरिंगवर ठेवले. गुणगुणणं थांबलं नाही. राहिलेली टाळी पिराजीरावांनी आपल्या गुडघ्यावर धरली.