कळशीभर पाणी

"आये, थांब!" हौशीराम ओरडेपर्यंत कळशी रिकामी झाली होती. फस्सकन वाफ उठली आणि तापलेल्या इंजिनातून तडक् असा आवाज आला.

झुंबरबाई मात्र खुशीत होती. नवं जनावर दारात आलं की त्याच्या पायांवर पाणी घालायचं, दमून आलं असलं तर पाठीवरही, आणि मग भाकरतुकडा ओवाळून टाकायचा. वलवण गावात हे कुणाला शिकवावं लागत नाही. आता बैलाच्या जागी फटफटी आली, तर तिनं दुसरं काय करायचं होतं? वीस मैल पळून आलेलं ते धूड दारात तापून टिकटिकत होतं. त्या माउलीला वाटलं, धाप लागलीय.

"लय दमलं रं," ती म्हणाली. मग सीटवरून हात फिरवत हसली. "आन् मऊ हाय की! बस हिच्यावर खुशाल."

हौशीरामला हसता येईना, ना रडता. दोन महिने ही बाई त्याच्याशी धड बोलली नव्हती. का, तर लेक नांगर सोडून लोणावळ्याला होरमसजी या पारशी शेटच्या बंगल्यावर मोटारीच्या कामाला लागला. 'लोखंडाला माया नसती' हा तिचा हेका. आणि आज तीच लोखंडावरून भाकरतुकडा ओवाळत होती! तिला कोणत्या तोंडानं सांगायचं, की आये, शेटच्या फटफटीची तू वाट लावलीस?

त्यानं वाकून पाहिलं. पुढच्या सिलिंडरला वरपासून खालपर्यंत केसाएवढा तडा गेला होता.

"चालू कर की, बघू दे," झुंबरबाई म्हणाली.

"नगं आये. दमलीया म्हणलीस न्हवं? पायी पायी नेतो."

"व्हय व्हय. दमल्या जनावरावर बसू न्हाई."

लोणावळा दोन मैल. फटफटी ढकलताना हौशीरामच्या अंगाला घामाच्या धारा लागल्या आणि डोक्यात शेटचे शब्द घुमत राहिले. फटफटी अमेरिकेची, मुंबईच्या व्यापाऱ्यानं आठ दिवसांच्या बोलीवर धाडलेली. शेटला चालवायची हौस दांडगी, पण कंबर धरलेली. म्हणून सकाळी त्यांनी हौशीरामला बजावलं होतं, "कामशेतपर्यंत फिरवून आण आणि खरा सांग, कंबरेला कशी आहे. चांगली असेल तर ठेवतो, आणि सांभाळायला तू कायम. नाहीतर ती पण परत, तू पण परत."

आणि होती कशी म्हणता! सीट सुपाएवढी रुंद, खाली स्प्रिंगचा दांडा. पाय टेकायला नुसत्या खुंट्या नव्हेत, चांगल्या ऐसपैस फळ्या. हँडल असं मागं वळवलेलं की वाकायलाच नको, आपणहून हातात यायचं. वजन इतकं की रस्ता सोडायचं नाव नाही. कार्ल्यापुढचे खड्डे म्हणजे काय सांगावं, छकड्यातून गेलं तर हाडं मोजून घ्यावीत. पण खड्डा चाकाला कळायचा, कमरेला नाही. हे सगळं शेटला कसं सांगायचं, ते हौशीरामनं कामशेतहून येताना मनात घोळवलं होतं. आता सगळंच पाण्यात गेलं.

एक वाट होती. 'शेट, इंजिनच कच्चं निघालं, चढाला आपोआप तडकलं.' बस्स, एवढंच म्हणायचं. व्यापारी मुकाट्यानं दुसरी धाडेल, आईचं नाव निघणार नाही आणि नोकरीही राहील. हौशीरामनं ते वाक्य तीनदा घोकलं. कोण मेला विचारायला येतोय?

शेट व्हरांड्यातच बसले होते. "अरे, ढकलत काय आणतोस? बोल, कशी वाटली?"

हौशीरामनं तोंड उघडलं. हात सीटवर होता. इतकं सुख देणाऱ्या वस्तूला कच्ची म्हणायचं? जीभ रेटेना.

"झकास हाय शेट. बसल्यावर उतरू वाटत न्हाई. हिच्यात काडीचा दोष न्हाई. तडा माझ्यापायी गेला. तापल्या इंजिनावर पानी पडलं."

"पाणी? टाकला कोणी?"

"चूक माझी. म्याच घराकडं नेली, आईला दावायला."

"मी विचारतो, पाणी टाकला कोणी?"

हौशीरामनं मान खाली घातली. "आईनं. नवं काय दारात आलं की आमच्यात पानी घालत्यात. तिला तडा गेल्याचं ठावं न्हाई शेट. तिला कळू देऊ नगा. म्या उद्यापासनं येत न्हाई."

 शेट कमरेवर हात ठेवून कण्हत खाली बसले, तड्यावरून बोट फिरवलं आणि नुसता सुस्कारा टाकला. हौशीरामला वाटलं, शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

इतक्यात आतून शेटच्या म्हाताऱ्या आई बाहेर आल्या. पांढरी साडी, डोक्याला रुमाल, चेहऱ्यावर लग्नघरातला आनंद. हातात चांदीचं ताट, ताटात तांदूळ, एक अंडं आणि भलाथोरला नारळ. नव्या गाडीचं स्वागत करायला त्या थेट फटफटीच्या तोंडाशी निघाल्या.

शेटच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. धरलेली कंबर विसरून ते ताडकन उठले आणि दोन्ही हात पसरून फटफटीच्या आडवे झाले.

"हौशीराम, बघत काय उभा राहिलास! सांभाळायला ठेवलाय ना तुला? दिवा झाक आधी! मागच्या मोटारीचा दिवा हिनंच नारळानं फोडला!"