कड्या नसलेले दार

पोलादी दार रुळांवरून निम्मे सरकले आणि थांबले. अभियंत्याने कळ पुन्हा दाबली. मोटर क्षणभर कण्हली, मग गप्प झाली. बांधातल्या ज्या मोकळ्या वाटेने एरवी मालाचे ट्रक धक्क्याकडे जात, तिथून आता समुद्राचा वारा थेट गावात घुसत होता. भरतीला अवकाश होता; पण फार नव्हता.

“साहेब, हाताने ओढता येणार नाही?” पहारेकऱ्याने विचारले.

“धरणार कुठे?”

खरोखरच धरायला काही नव्हते. दाराच्या दोन्ही बाजू आरशासारख्या गुळगुळीत होत्या, आणि त्या तशा असाव्यात हा आग्रह अभियंत्याचाच होता. मूळ आराखड्यात कड्या होत्या. नगरसभेत भर चर्चेत त्याने त्या खोडून टाकल्या होत्या. “कड्या ओढायला हात लागतात,” तो म्हणाला होता. “पृथ्वी तापतेय, समुद्र चढतोय, हे आज कुणाला ठाऊक नाही? तरी कोण जागचं हललं? ज्याचं घर उंचावर, त्याला पाण्याची भीती नाही. ज्याला भीती आहे, त्याच्या हाती काही नाही. अख्ख्या जगाचं जिथे हे चाललंय, तिथे तुमचं गाव काय वेगळं करणार? वादळाच्या दिवशी या दाराशी चिटपाखरूही फिरकणार नाही. यंत्रावर विसंबा.” युक्तिवाद बिनतोड होता. सभेने तो मान्य केला, आणि दार कड्यांवाचून उभे राहिले.

त्याने बहिणीला फोन लावला. ती बांधाला लागूनच, अगदी खालच्या गल्लीत राहत असे.

“ताई, असशील तशी बाहेर पड. टेकडीवर जा.”

“या गुडघ्यांनी? टेकडी काय, मला ओटा चढवत नाही. आणि तुझं दार रे?”

“अडकलंय.”

पलीकडे पातेल्याचा आवाज झाला. मग ती म्हणाली, “लहानपणापासून तुझं असंच. बोलणं पक्कं, काम अर्धं. जा, बघ काय होतंय ते. मी चहा टाकते.”

तिला आणायला जावे, तर दार तसेच उघडे राहणार होते. दाराशी थांबावे, तर ती तिथेच बसून राहणार होती. त्याने भोंगा वाजवला. भोंग्याचा अर्थ गावात एकच ठरलेला होता: हातातले टाका आणि टेकडी गाठा. मग त्याने दाराला खांदा लावला. पहारेकऱ्यानेही लावला. दार तसूभर हलले नाही.

रस्त्याच्या वळणावर माणसे दिसली. आधी दोघे-तिघे, मग रस्ता भरून.

“इकडे कुठे येताय?” अभियंता ओरडला. “वर पळा! वर!”

“पळायचं ते मागाहून बघू,” कोपरापर्यंत पिठाने माखलेला बेकरीवाला म्हणाला. “आधी धरायचं कुठे ते सांगा.”

“धरायला काही नाहीये.”

“वा, साहेब! आमच्या कोंबड्यांच्या खुराड्यालासुद्धा कडी आहे.”

त्याही वाऱ्यात माणसे हसली. कुणीतरी ट्रकवरचा जाडजूड दोर सोडून आणला. गळ्यात कापड मोजायची टेप तशीच लटकत असलेली एक शिंपीण पुढे झाली. “मागच्या कडेला वेढा घाला,” ती म्हणाली, “आणि दोन्ही अंगांनी ओढा.” दोर ताणला गेला. एक रांग गावाच्या बाजूने, एक समुद्राच्या. बेकरीवाला ‘हो’ म्हणे आणि सगळे मागे रेलून ओढत. रूळ किंचाळले. दार हलले.

ओढता ओढताही अभियंत्याचा तर्क शाबूत होता. खालच्या गल्ल्यांतली माणसे ही, त्याने मनाशी म्हटले. आपापली बिऱ्हाडे वाचवायला आली आहेत. यात नियमाबाहेरचे काही नाही.

पलीकडे घोट्याइतके पाणी झाले, तेव्हा समुद्राकडची रांग बांधाच्या पायऱ्यांवरून अलीकडे उतरली आणि दाराच्या मागच्या कडेला खांदे लावून उभी राहिली. शेवटचे हातभर अंतर असे सरले. दार खाचेत बसले. थोड्याच वेळात पलीकडून पहिली लाट त्याच्यावर आदळली, आणि तिचा थेंबही अलीकडे आला नाही.

फोन वाजला. “लागलं का रे?”

“लागलं, ताई.”

“मग ये. चहाचा काढा झालाय उकळून.”

शिंपीण दोराने सोललेले तळवे पदराला पुसत होती. अभियंता तिच्याजवळ गेला.

“बाई, घर वाचलं तुमचं.”

“माझं?” तिने मान वळवून टेकडीकडे पाहिले. “माझं तर वर आहे. ती निळी खिडकी. आम्ही सगळे वरचेच. तिथे पाणी यायचं म्हणजे जगबुडीच व्हायला हवी.”

“मग खाली का आलात?”

प्रश्नच कळला नसल्यासारखा तिने पदर झटकला.

“भोंगा वाजत होता ना,” ती म्हणाली.

बेकरीवाल्याने दोर गुंडाळून खांद्यावर टाकला आणि माणसे घरी निघाली. खालच्या गल्ल्यांकडे त्यांतले एकही वळले नाही. आयुष्यभर जिंकत आलेला वाद अभियंता हरला होता, आणि आभार मानायला त्याच्यासमोर उरल्या होत्या फक्त चढाला लागलेल्या पाठी.