टीव्हीच्या पेटीतला आवाज

"लावू?" लेकीने विचारलं.

आई खुर्चीत ताठ बसली होती. समोर टीव्हीची जुनी लाकडी पेटी होती, काचेच्या जागी आता स्पीकर. नवरा गेल्यापासून हा बंद टीव्ही तिने रोज पुसला होता, भंगारवाल्याला दारात उभं केलं नव्हतं. शेवटी लेकीच्या हट्टापुढे तिने हात टेकले. "उघड. पण नुसता उसवून ठेवलास तर याद राख."

घरात ठिणगी म्हणूनच ओळखल्या जाणाऱ्या या लेकीने त्याचा गिटारसाठी ॲम्प्लिफायर केला होता. पडद्यावर चित्र उमटवणारा, काचेच्या नळीसारखा व्हॉल्व्ह आता तारांचा आवाज वाढवणार होता. जोडीला शाळेच्या मोडक्या भोंग्याचा ट्रान्सफॉर्मर, आणि हा सगळा संसार पेटीच्या आत, केकच्या उपड्या भांड्यावर बसवलेला. ज्याला सांगावं तो हसला होता.

तिने बटण दाबलं. व्हॉल्व्हमध्ये नारिंगी उजेड हळूहळू चढला. तापलेल्या धुळीचा वास सुटला.

आई पुढे झुकली. "अगं, हा तर तुझ्या बाबांच्या बातम्यांच्या वेळचा वास!"

ठिणगीने तार छेडली. काहीच नाही. पुन्हा छेडली. पेटी ढिम्म. तिने वायरी तपासल्या, बटणं फिरवली, मग मागे सरकून बसली. बाबांचा टीव्ही आपण हकनाक मोडला, आता आईला तोंड कसं दाखवायचं, असं तिला झालं.

"यात टीव्हीतलं काय काय आहे?" आईने विचारलं.

"व्हॉल्व्ह. आणि तो ज्यात बसतो ते सॉकेट."

"मग सरक."

आईने पेटीच्या डाव्या अंगाला, वरून चार बोटं खाली, एक सणसणीत ठेवून दिली. "आता वाजव."

ठिणगीने तार छेडली आणि आवाज उसळला. तावदानं थरथरली, टेबलावरचा पेचकस घरंगळून खाली पडला. एवढीशी एक तार, पण खोलीत तिच्याशिवाय दुसऱ्या कशाला जागाच उरली नाही. ठिणगीच्या अंगावर काटा आला. हे आपण केलंय, हे तिला खरंच वाटेना.

आवाज विरायला बराच वेळ लागला.

"सॉकेट ढिलं आहे," ती कशीबशी म्हणाली. "उद्या बदलते."

"तुझे बाबाही टीव्हीला अशीच ठेवून द्यायचे आणि दर वेळी हेच म्हणायचे." आईचा तळवा अजून पेटीवरच होता. "वाजव."