भिंतीकडची कूस

"तोंड भिंतीकडे," म्हातारा म्हणाला.

"आत्ता दाराकडची पाळी आहे." मावशीने मेणकापडावरची चादर ताणून सारखी केली. "डावी, पाठ, उजवी. सगळ्या वॉर्डाला हाच क्रम. तुम्हाला वेगळा नाही."

"तो येईल आता."

"येऊ दे की. मुलगा आहे तुमचा."

"म्हणूनच."

सगळे तिला मावशी म्हणत. म्हातारा तिच्या वडिलांच्या वयाचा, तोही मावशीच म्हणे, पण त्याच्या तोंडून तो शब्द शिवीसारखा येई. सकाळी अंग पुसताना पाणी गार म्हणून त्याने तिचा हात झटकला होता. तिने गरम आणलं, तर म्हणाला, "भाजायचंय का मला?"

"हे तुमचं तुम्ही त्याला सांगा," मावशी म्हणाली. "वाचा गेलेली नाही तुमची. माझ्यावर तर चांगली चालते. भेटीच्या वेळी तुम्हाला मुद्दाम भिंतीकडे वळवते म्हणून त्याने माझी तक्रार केलीय. सिस्टर म्हणाल्या, पुन्हा काही कानावर आलं तर उद्यापासून येऊ नका."

"मग नका येऊ."

ती त्याच्याकडे बघत राहिली. नाही म्हटलं की तो अंग ताठ करायचा, आणि मग त्याला वळवायला दोन माणसं लागायची. आज दुसरं माणूस नव्हतं. तिने एक हात त्याच्या खांद्याला लावला, एक कमरेला.

"वळवतेय," ती म्हणाली. आधी सांगायचं, मग हलवायचं, ही कामाची रीत होती. राग आला म्हणून ती सुटत नव्हती.

पाठीला उशी. गुडघ्यांच्या मध्ये उशी. लघवीची पिशवी तिने दाराकडच्या दांडीला अडकवली. पलंग भिंतीला चिकटून होता. म्हाताऱ्याच्या नाकासमोर पोपडे आलेला निळा रंग होता.

मुलगा आला तो दारातच थांबला.

"आजही?"

"बसा," मावशी म्हणाली.

"कुठे बसू? पाठच बघायची तर घरी त्यांचा फोटो उलटा लावून बसलो असतो." तो वळला. "सिस्टर. जरा इकडे या. तुमच्या डोळ्यांनी बघा."

सिस्टर आल्या. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटने मोबाइलचा आवाज कमी केला.

"मावशी, या वेळेला उजवी, दाराकडची कूस असते ना?"

"असते."

"मग?"

"त्यांनीच सांगितलं. मुलगा आला की भिंतीकडे."

"खोटं," मुलगा म्हणाला. "ते माझ्याशी एक अक्षर बोलत नाहीत. आजारपणात माणूस असा होतो म्हणून मी समजून घेतोय. आणि ही बाई त्यांच्या तोंडी काहीही घालतेय. हिनेच भरवलंय त्यांना."

"मी भरवते ती पेज," मावशी म्हणाली. "तीही थुंकतात."

"उलट बोलू नका," सिस्टर म्हणाल्या. मग त्या पलंगावर वाकल्या. "आजोबा, तुम्ही सांगितलंत का मावशींना?"

म्हाताऱ्याने डोळे मिटले होते. श्वास झोपलेल्या माणसासारखा संथ चालला होता. मावशीला त्याची झोप ठाऊक होती. झोपेत तो तोंड उघडं टाकायचा. आत्ता ओठ घट्ट मिटलेले होते.

"आजोबा?"

सिस्टर सरळ झाल्या.

"ड्युटी संपली की ऑफिसात या, मावशी," सिस्टर म्हणाल्या. "बिल्ला घेऊन."

मावशीने छातीवरच्या बिल्ल्याला हात लावला आणि हात मागे घेतला. ती म्हाताऱ्याच्या पाठीकडे बघत होती. त्याने नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"आणि मला आज त्यांचं तोंड बघायचंय," मुलगा म्हणाला. त्याने पायाने पलंगाचा ब्रेक उचलला आणि दांडी धरून पलंग ओढला. चाकं करकरली. मावशीने झेप घेऊन पिशवी हातात धरली, नाहीतर नळी ताणली असती.

"अहो, हळू," सिस्टर म्हणाल्या.

पलंग आणि भिंतीच्या मध्ये माणूस जेमतेम मावेल एवढी फट झाली. मुलगा आडवा होऊन आत शिरला. शर्टाला पोपडे लागले. तो गुडघ्यांवर टेकला. आता त्याचं तोंड बापाच्या तोंडासमोर होतं.

"बाबा."

म्हाताऱ्याने डोळे उघडले. मुलाच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत सावकाश बघून घेतलं, ओळख पटवावी तसं.

"बाबा, मी आलोय."

"मावशी," म्हातारा म्हणाला. आवाज खणखणीत होता, शेजारच्या खाटेपर्यंत गेला. "कूस बदला."

सिस्टरांनी मावशीकडे बघितलं, मग नजर खिडकीकडे नेली.

मावशीने पिशवी दांडीला अडकवली. म्हाताऱ्याच्या पाठीमागची उशी काढून पायाशी ठेवली. एक हात खांद्याला, एक कमरेला.

"वळवतेय," ती म्हणाली, आणि त्याला आपल्याकडे ओढून घेतलं. म्हातारा दाराकडे तोंड करून स्थिर झाला. त्याने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मुलगा फटीत तसाच गुडघ्यांवर होता. त्याच्यासमोर आता सदऱ्याच्या सुटलेल्या बंदांमधून दिसणारी पाठ होती.

मावशीने उशी उचलली आणि म्हाताऱ्याच्या अंगावरून पलीकडे मुलाच्या हातात दिली.

"पाठीला लावा," ती म्हणाली. "घट्ट लावा. नाहीतर परत तुमच्याकडे कलंडतील."